दुसरा निरोप

परवा फोनवर तू म्हणालीस की कॉलेजात तुम्हाला एक पुस्तक वाचायला दिलं आहे, त्यात आपल्या पनवेलजवळच्या एका गावाचं प्रकरण आहे, आणि त्यातली मीठ काढणारी बाई मरते तिथे तू लायब्ररीत बसून रडलीस. तुझा भाऊ मागून हसत होता. मग तू म्हणालीस, आजी, मलाही हेच काम करायचंय, देशोदेशी जाऊन लिहायचंय. मी "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. त्याहून जास्त काही बोलायला गेले असते तर आवाज चढला असता, आणि इतक्या लांबून चढलेल्या आवाजाचा उपयोग नसतो.

राग तुझ्यावर नाही. कोणावर आहे ते क्रमाने सांगते. हे मी इंग्रजीत लिहू शकते, ते तुम्हा दोघा भावंडांना वाचायलाही सोपं गेलं असतं. पण इंग्रजीत ही हकीकत एकदा सांगून झाली आहे आणि ती खोटी आहे. म्हणून मराठीत लिहिते. अडलं तर बाबांना विचारा.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही नवीन पनवेलला राहायला येऊन फार काळ झाला नव्हता. सेक्टरांना आकडे मिळाले होते, रस्त्यांना डांबर मिळायचं होतं. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, तुमचे आजोबा बँकेतून निवृत्त झाले होते, आणि वरची खोली रिकामी होती. मुंबईच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांनी विचारलं, एक परदेशी बातमीदार बाई काही महिने राहील का?

ती एका मोठ्या परदेशी वर्तमानपत्राची बातमीदार होती. दिल्लीत तिचं ऑफिस, पण नेमणूक अशी की अर्धा आशिया तिच्या गळ्यात. जिथे दंगल, पूर, निवडणूक, तिथे विमानाने जायचं, चार दिवस राहायचं, मजकूर पाठवायचा, की पुढचा देश. ती म्हणायची, वर्तमानपत्राला एका कॉलमात मावेल एवढंच दुःख लागतं. तिला आता पुस्तक लिहायचं होतं. उरणला नवं बंदर होत होतं, भातखाचरं आणि मिठागरं भरून नवं शहर वसत होतं, त्याखाली गेलेल्या गावांवर.

तिच्याबद्दल चांगलं आहे तेही सांगते, नाहीतर हिशोब चुकेल. ती मेहनती होती. पहाटे उठून टाइपरायटरवर बसायची. आपलं ताट आपण धुवायची. एकच प्रश्न वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारायची आणि उत्तरं जुळतात का ते बघायची. एसटीडी बूथमध्ये उभी राहून दिल्लीला मजकूर सांगताना गावांच्या नावातलं अक्षर न् अक्षर सुटं करून सांगायची. नावात चूक झाली तर माणसाचा अपमान होतो, असं ती मला म्हणाली होती. हे वाक्य मी विसरलेले नाही.

शनिवारी दुपारी आणि रविवारी मी तिची दुभाषी. पनवेलच्या स्टँडवरून उरणची एसटी धरायची आणि वाटेत उतरून खाडीच्या बाजूला चालत जायचं. त्या गावात ती मीठ काढणारी बाई होती. वयाने माझ्याहून मोठी, विधवा. शेत बंदराच्या कामात गेलेलं, मिठागरंही बरीचशी बंद झालेली, उरलेल्या एकावर ती रोजाने मीठ ओढायला जायची. तिची लेक रोडपालीला दिलेली, बहीण मोऱ्याला. घरात दीर आणि त्याचं कुटुंब.

तुझ्या त्या पुस्तकात ती फार गंभीर आहे. क्षितिजाकडे बघते. मी तिला क्षितिजाकडे बघताना कधी पाहिलं नाही. ती समोरच्या माणसाकडे बघायची आणि त्याला बोलतं करायची. पहिल्याच भेटीत बातमीदार बाईंनी एक प्रश्न विचारायच्या आत तिने पाच विचारले. नवरा कुठे, पोरं किती, आई कोणाकडे असते. नवरा नाही, पोरं नाहीत, आई वृद्धाश्रमात, हे मी सांगितल्यावर तिने हातातलं काम थांबवलं.

"मंग तू मरशील तवा रडनार कोन?"

मी भाषांतर केलं. बातमीदार बाई हसल्या आणि म्हणाल्या, माहीत नाही. "नाय तं मी रडन," ती म्हणाली आणि परत कामाला लागली. मला ती 'तुमी' म्हणायची, मास्तरीणबाय म्हणायची. त्या परदेशी बाईला मात्र पहिल्या दिवसापासून 'तू'. मला हे तेव्हा नीट कळलं नव्हतं.

पुढे काय झालं ते समजायला इथला एक रिवाज माहीत हवा. माणसाच्या डोक्यावर कावळा बसला तर तो मरणाचा शकुन धरतात. त्यावर तोड अशी की माणूस मेला असा खोटा निरोप जवळच्या नातेवाइकांकडे धाडायचा. ती माणसं खरीखुरी रडली की मरण फसतं, आलेलं परत जातं. निरोप नेणाऱ्याने उंबऱ्याच्या आत यायचं नाही, बसायचं नाही, त्या घरचं पाणी प्यायचं नाही. आणि रडणं झालं की लगेच दुसरा निरोप द्यायचा, की माणूस जिवंत आहे. दुसऱ्या वेळी मात्र आत येऊन बसायचं आणि पाणी मागून प्यायचं. दुसरा निरोप चुकवायचा नाही. तो चुकला तर पहिला खरा होतो, असं मानतात. मी लहानपणी आजोळी हे पाहिलेलं होतं. तुमचे आजोबा सोलापूरचे, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

एके दिवशी मिठागरावर तिच्या डोक्यावर कावळा बसला. रडण्यासाठी तिने माणसं निवडली. मोऱ्याची बहीण, रोडपालीची लेक, आणि आमच्या वरच्या खोलीतली परदेशी बाई.

मी शाळेत होते. दीर दुपारी आमच्या फाटकाशी आला, उन्हात उभा राहिला, "वयनी ग्येली" एवढंच म्हणाला आणि वळला. आजोबांनी आपल्या बँकेच्या इंग्रजीत ते वर सांगितलं. मी घरी आले तेव्हा बातमीदार बाई जिन्यात बसून रडत होत्या. खोटं नव्हतं ते. नाक लाल, श्वास लागलेला. आजोबा खाली पेला हातात घेऊन उभे. म्हणाले, पाणी दिलं तर त्या माणसाने घेतलंसुद्धा नाही, कधी नेणार तेही सांगितलं नाही.

पाणी घेतलं नाही म्हटल्यावर मला शंका आली. मी जिन्यात त्यांच्याशेजारी बसले आणि सगळा रिवाज समजावून सांगितला. म्हटलं, हे खरं नसण्याचीच शक्यता जास्त, सकाळपर्यंत थांबा. त्यांनी डोळे पुसले. विचारलं, मग माझं हे रडणं खोटं का? मी म्हटलं, रडणंच तेवढं खरं आहे, त्याच्यावरच सगळं चालतं. त्या वर गेल्या आणि टाइपरायटर सुरू झाला.

सकाळी दीर परत आला. रोडपालीला लेकीने अंग टाकलं होतं, तिला सावरता सावरता शेवटची गाडी चुकली, म्हणून उशीर झाला होता. या वेळी तो सरळ आत येऊन खुर्चीवर बसला, पाणी मागितलं, वर चहाही मागितला. "जिती हाय. जेवाला बोलवलंय."

आम्ही तिघं गेलो. ती चुलीपुढे बसून तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मोऱ्याची बहीण आदल्या संध्याकाळीच येऊन थडकली होती, रडून रडून घसा बसलेला, आणि त्या बसलेल्या घशाने ती सगळ्यांना शिव्या देत होती. खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण होतं. बातमीदार बाईंना बघून तिने पिठाचे हात पुसले आणि त्यांच्या तोंडावरून हात फिरवला. माझ्याकडे वळून विचारलं, "रडली न ही?"

रडली, मी म्हटलं. मग मी विचारलं, मला का नाही निरोप?

"तुमाला ठाव असतंय सगला," ती म्हणाली. "आनि ठाव नसता तरी तुमी रडल्या नसत्या, मास्तरीणबाय. तुमी आदी इचारलं असतं, कदी, कुटं, किती वाजता."

सगळे हसले. आजोबा तर ठसका लागेपर्यंत. मीही हसले. बातमीदार बाईंनी हे माझ्याकडून नीट समजून घेतलं, परत परत विचारून घेतलं, आणि त्यांचे डोळे पुन्हा भरले. आपल्याला कुठे बसवलं गेलं आहे हे त्यांना त्या दिवशी पुरतं कळलं होतं. हे मी मुद्दाम लिहिते. पुढे जे झालं ते न कळता झालं, असं कोणी म्हणू नये.

मग त्यांची पुढची नेमणूक आली आणि त्या गेल्या. एका देशातलं युद्ध, मग दुसऱ्यातलं. कधी वाचनालयात त्यांचा मजकूर दिसायचा, तेव्हा मी आजोबांना दाखवायचे. आम्हाला अभिमान होता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर पुस्तक निघालं, पाठोपाठ तिकडे बक्षीस मिळालं. मला एक प्रत टपालाने आली.

ते प्रकरण मी शाळेतून आल्यावर चहा करायच्या आधी उभ्याने वाचलं. माणूस फाटकाशी येतो. पाणी घेत नाही. वयनी गेली म्हणतो. बाई आमच्या जिन्यात बसून रडतात, जिन्याच्या लाल फरशीसकट सगळं बरोबर. मग त्या लिहितात की अंत्यविधीला आपण गेलो नाही, तिथे परक्या माणसाला जागा नव्हती. मग भरतीचं पाणी बांध फोडून मिठागरावर पसरतं, आणि प्रकरण संपतं.

परक्या माणसाला जागा नव्हती! पोटच्या लेकीच्या बरोबरीने जिला रडायला निवडलं, तिने हे लिहिलं. कावळा नाही. सकाळ नाही. भाकऱ्या नाहीत, घसा बसलेली बहीण नाही. दुसरा निरोप नाही. मी ते पुस्तक टेबलावर आपटलं तेव्हा आजोबा बाहेर आले. सगळं ऐकून म्हणाले, अगं, पुस्तकच आहे. त्यांच्याशी मी दोन दिवस बोलले नाही. शाळेत शिक्षकांच्या खोलीत पेढे आले, कारण पनवेलचं नाव जगभर गेलं. ज्यांनी पेढे वाटले त्यांच्यातल्या एकानेही ते वाचलं नव्हतं.

मी बातमीदार बाईंना लिहिलं. सभ्य उत्तर आलं. त्यात म्हटलं होतं की त्या दुपारी मला जे समजलं तेवढंच मी लिहिलं आहे, यातलं एकही वाक्य खोटं नाही. आणि गाव तर खरोखरच मरत होतं, ती बाई म्हणजे ते गाव.

एकही वाक्य खोटं नाही. मुलांनो, मी आयुष्यभर वर्गावर उभी राहिले. अर्धं पान हाताने झाकून उरलेलं दाखवणारी मुलं मी पाहिली आहेत. ती आठ-नऊ वर्षांची असतात आणि पकडली की निदान लाजतात. आणि ती बाई म्हणजे गाव नव्हती. ती बाई म्हणजे ती बाई होती. गाव मरत होतं तर पुस्तकात गाव मारायचं होतं. त्याला लागणारं प्रेत हिच्याकडून का घ्यायचं?

मी तिला सांगणार नव्हतेच, पण तिच्या पुतण्याला कॉलेजात कोणीतरी ते पुस्तक दाखवलं. गावात थट्टा सुरू झाली. कोणी म्हणे, खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं, हिला तर छापील आलंय, ही शंभरी गाठणार. ती स्वतः थट्टेखोर, पण या थट्टेला हसायची नाही. त्या पावसाळ्यात तिला ताप धरला, तो महिनाभर हटेना. मी भेटायला गेले तेव्हा तिने विचारलं, ते पुस्तक अजून विकतात का. हो म्हटलं. वाचून रडतात का.  माझा कावळ्यावर विश्वास नाही. पण तिकडे कोणी रडत नाही असं मी तिला सांगू शकत नव्हते, कारण रडत होते. तेवढ्यासाठीच ते लिहिलेलं होतं.

पुढे दोन-तीन वर्षांनी बातमीदार बाई मुंबईत व्याख्यानाला आल्या, आणि भाड्याची गाडी करून पनवेलला. केस पांढरे, तब्येत थकलेली. मला मिठी मारली. मी चहा दिला आणि म्हटलं, आपल्याला गावात जायचंय. त्या लगेच तयार झाल्या. त्यांना वाटलं, भेट म्हणजे आनंदच.

गावात तोवर स्लॅबची घरं उठली होती. ती ओट्यावर बसली होती, अंगावर शाल, उन्हाळा असून. बातमीदार बाई खाली तिच्या पायाशी बसल्या आणि हात धरला. तिने हात धरू दिला.

"पयला निरोप तू सगल्या दुनियेला धाडलास," ती म्हणाली. "दुसरा कवा धाडशील?"

मी शब्दाला शब्द भाषांतर केलं. बातमीदार बाईंचा चेहरा हळवा झाला. त्यांनी तिचा हात दाबला आणि मला म्हणाल्या, तिला सांगा, जगात हजारो लोक तिच्यासाठी रडले आहेत.

त्यांना ते सांत्वन वाटत होतं.  मी तेही शब्दाला शब्द सांगितलं.

तिने हात काढून घेतला. "आनि त्यांना गप कोन करील?"

बाई गडबडल्या. पुढच्या आवृत्तीत टीप देते म्हणाल्या, नक्की. ती मला म्हणाली, तिला शपथ घ्यायला सांगा. मग तिलाच आठवलं. "पोर नाय तुना. कोनाची आन घेशील? माजी घे." आणि बातमीदार बाईंचा हात उचलून तिने आपल्या डोक्यावर ठेवला, जिथे तो कावळा बसला होता तिथे. बाईंना थोडं मराठी येत होतं. त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं, दुसरा निरोप पाठवते. दीर भिंतीला टेकून उभा होता, तो खाली बघत राहिला.

पुढची आवृत्ती आली. मुखपृष्ठ नवं. प्रस्तावना नवी, लांबलचक, त्यात त्यांचे नवे देश आणि नवी युद्धं. प्रकरण तेच, भरतीच्या पाण्यासकट. टीप नाही. मी प्रत्येक पान पाहिलं. आभारांत एका स्थानिक दुभाषीचे आभार आहेत. ते मी परत करते.

हे मी तिला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माजी आन घेतली व्हती तिनं." बस, एवढंच.  मी बातमीदार बाईंना पुन्हा लिहिलं, उत्तर आलं नाही.

ती गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. पुतण्या फाटकाशी आला. आत आला नाही, पाणी घेतलं नाही. मी विचारलं, खरा का रे? "खरा, बाय," तो म्हणाला. मी वेळ विचारली नाही, कुठे तेही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळभर मी मात्र फाटक उघडं ठेवलं होतं. मी रडले की नाही हे तुम्हाला सांगायची गरज नाही. परदेशी बातमीदार बाईंना मी काही कळवलं नाही. त्यांचं रडून झालं होतं.

आता तुझं. तुला हे काम करायचं तर कर, मी आड येणार नाही. पण तू ज्या पानावर रडलीस तिथून सुरुवात कर. त्या पानावरची बाई त्या दुपारी मेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती, निवट्यांचं कालवण चुलीवर होतं आणि ती माझी टर उडवत होती. हे तू तुझ्या वर्गात उभी राहून सांग, तुझ्या प्राध्यापकांसकट सगळ्यांना. जे रडले त्यांना डोळे पुसायला सांग.

आणि सांगून झालं की खाली बसून पाणी मागून पी. तसा रिवाज आहे.